बँडमधली तिघं एकाच अंगात: ड्रम शिकणाऱ्यांसाठी पहिल्या तीन महिन्यांचा रियाज

वरातीच्या बँडमागं कधी चालत जा आणि ट्रम्पेटवाल्याकडं न बघता तालवाल्यांकडं बघा. मोठा ढोल गळ्यात अडकवलेला एक, साइड ड्रम वाजवणारा दुसरा, झांज आपटणारा तिसरा. माणसं तीन आणि प्रत्येकाकडं काम एकच. ड्रमसेटवर हीच तिन्ही कामं एकट्याला करावी लागतात. तिकडं अमेरिकेतही आधी ढोलाला वेगळा माणूस असायचा. १९०९ च्या सुमारास शिकागोच्या लुडविग बंधूंनी वेगात चालणारं पायाचं पेडल बनवलं, तशी पेडलं भराभर रुळली आणि ढोलवाल्याचं काम पायाकडं गेलं.

हे सुरुवातीलाच सांगतोय, कारण लातुरात माझ्याकडं येणारं प्रत्येक पोरगं पहिल्या महिन्यात एकच तक्रार करतं: "सर, हात-पाय सुटे होत नाहीत." ते सुटे करायचेच नाहीत. बँडमधली तिघं आपापल्या नादात वाजवत नाहीत. झांजवाल्याला ढोल कुठं पडणार हे माहीत असतं, म्हणून त्याची झांज बरोबर जागेवर बसते. तुम्हालाही हात-पाय एकमेकांत बसवायचे आहेत. कुठला ठोका कुणासोबत पडतो आणि कुठला दोघांच्या मधे पडतो, एवढं कळलं की निम्मं काम झालं. पुढचं सगळं त्याच हिशेबानं सांगतो.

सामान

ड्रमसेट घेऊ नका. निदान तीन महिने तरी नको. ऑर्केस्ट्रात आणि बेंजो पार्टीत आपल्याकडं ऑक्टोपॅडच (काठ्यांनी वाजवायचा इलेक्ट्रॉनिक पॅड) जास्त चालतो, तोही आत्ता नको. लागतात त्या काठ्या, ठोके मारायला एक रबरी पॅड आणि मोबाईल.

काठ्या ५ए नंबरच्या घ्या, लांबी सुमारे १६ इंच. दुकानात काठी फरशीवर लोळवून बघा, वाकडी असेल तर डुलत जाते. मग दोन्ही काठ्या एकेक करून काउंटरवर हलक्या आपटा. आवाज सारखा आला तर वजनही जवळपास सारखं निघतं. दुकानदार कुरकुर करेल, करू द्या.

पॅड घरी होतो. पंक्चरवाल्याकडून ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा आणा आणि फूटभर प्लायवूडवर त्याच्याच सुलोचननं चिकटवा (डब्यावर सोल्यूशन लिहिलेलं असतं, पण ते मागितलं तर तोही क्षणभर गोंधळतो). काठी उसळेल इतपत ताण हवा. उशीवर रियाज करा असं काही जण सांगतात. मनगटाला ताकद येते हे खरं, पण उशी काठी परत देत नाही, आणि सुरुवातीला शिकायचं असतं ते परत येणारी काठी सांभाळणं. उशी सहा महिन्यांनी.

मोबाईलवर मेट्रोनोमचं, म्हणजे ठरलेल्या वेगानं टिक-टिक करणारं, फुकट ॲप घ्या, इंटरनेट नसताना चालणारं. रियाजाला बसताना फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर ठोके जमायला लागले की नेमका मामाचा फोन येतो.

वेळेचंही बघा. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत दुपारी बसलात तर घामानं काठी हातात फिरते, आणि ती पकडायला म्हणून मूठ आवळायची सवय लागते. ही सवय पुढं वर्षभर जात नाही. सकाळी उन्हं चढायच्या आत वीस मिनिटं बसा. रविवारी सलग दोन तास बसण्यापेक्षा रोजची वीस मिनिटं कधीही बरी. पॅडचा आवाज शेजारी जात नाही, घरात मात्र जातो. माझी आजी पहिले काही दिवस हटकून विचारायची, "काय करालास रे? दार वाजवालास का?"

पहिले दोन आठवडे: काठी आणि टिक

काठी जाड टोकापासून साधारण एक तृतीयांशावर धरा, अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत. काठी तिथंच झुलली पाहिजे. बाकीची तीन बोटं तिच्याभोवती नुसती टेकलेली. पॅडवर काठी सोडून द्या आणि ती किती वेळा उसळते ते मोजा. सात-आठ वेळा उसळली तर पकड ठीक आहे. दोनदाच उसळून मेली, तर तुम्ही तिचा गळा दाबताय. दोन्ही हातांची पकड सारखीच ठेवा. अंगठ्याजवळ फोड आला तर पकड आवळली गेली आहे असं समजा. मनगटात कळ आली तर त्या दिवशी तिथंच थांबा, सहन करून पुढं रेटू नका.

आता मेट्रोनोम ६० वर लावा. म्हणजे सेकंदाला एक टिक. हे यंत्र नवीन नाही. मेल्त्सेल नावाच्या माणसानं त्याचं पेटंट १८१५ साली घेतलं, तेव्हा ते लंबकावर चालायचं. काठी लगेच उचलू नका. आधी मिनिटभर नुसतं ऐका, मग टाळ्या वाजवा, मग तोंडानं "एक, दोन, तीन, चार" म्हणा. काठी सगळ्यात शेवटी.

एका कानात इअरफोन घाला आणि आवाज बेताचा ठेवा. ठोका टिकच्या आधी पडला की मागून टिक ऐकू येते, उशिरा पडला की आधी ऐकू येते. बरोबर वर पडला की टिक गायब होते, तुमच्याच ठोक्याखाली दबून जाते. वेळेवर आलात की नाही, याची याहून सोपी खूण मला माहीत नाही. पहिल्या दिवशी दहातले दोन ठोके असे दबले तरी चालेल. लागोपाठ सोळा दबायला लागले की पुढं जा.

वेग वाढवायची घाई सगळ्यांना असते. त्यांना मी उलटं करायला लावतो: ४० वर या. दोन टिकांमधे दीड सेकंद रिकामा. त्या रिकाम्या जागेत हात थांबत नाही, पुढं पळतो. १०० वर दोन ठोक्यांमधे चुकायला जागाच कमी असते, ४० वर सगळं उघडं पडतं.

तिसरा-चौथा आठवडा: पट

तबला किंवा पखवाज शिकलेल्यांना हे नवीन नाही. टिक ६० वरच ठेवायची आणि एका टिकमधे आधी एक, मग दोन, मग तीन, मग चार ठोके बसवायचे. एकपट, दुप्पट, तिप्पट, चौपट. तोंडानं म्हणत राहा. दुप्पटीला "एक-नि, दोन-नि", तिप्पटीला "तकिट, तकिट", चौपटीला "तकधिमि, तकधिमि". इंग्रजीत मोजायची गरज नाही. आपला "नि" दोन मात्रांच्या अगदी मधोमध बसतो.

हात उजवा-डावा-उजवा-डावा असेच आलटून पालटून. प्रत्येक पट चार आवर्तनं वाजवा (एक आवर्तन म्हणजे चार टिक), मग न थांबता पुढची. दुप्पटीवरून तिप्पटीवर जाताना सगळे अडखळतात. त्यात तिप्पटीची एक गंमत आहे: तीन ठोके असल्यानं दर टिकेला हात बदलतो. पहिला "त" उजव्यावर, पुढचा "त" डाव्यावर. डाव्यावर आलेला "त" दुबळा पडतोय का ते मुद्दाम ऐका. चौपटीत दोन ठोक्यांमधे पाव सेकंदच असतो, तरी तो सरावानं सहज बसतो. तिप्पट मात्र चौपटीकडं घसरत राहते. वाजवणं थांबवून नुसतं तोंडानं तिप्पटीवरून चौपटीवर आणि परत असं जाऊन बघा. तोंडाला जे जमत नाही ते हाताला जमणार नाही. आपल्याकडं बोल आधी आणि वाद्य नंतर असं शिकवत आलेत, ते उगाच नाही.

दुसरा महिना: हातांचे बोल

ड्रमच्या मूळ बोलांना रुडिमेंट म्हणतात. लष्करी ढोलवादनातून आलेली ही परंपरा आहे. पर्कसिव्ह आर्ट्स सोसायटी या तालवादकांच्या संस्थेनं १९८४ साली ४० रुडिमेंटची यादी पक्की केली. ती यादी भिंतीवर चिकटवून रोज चाळीसच्या चाळीस वाजवणारी पोरं मी पाहिली आहेत. एकही धड येत नाही. तुम्ही तीनच घ्या.

पहिला एकेरी, उ डा उ डा (उ म्हणजे उजवा, डा म्हणजे डावा). तो तुमचा झालाच आहे.

दुसरा दुहेरी, उ उ डा डा. यात दुसरा ठोका काठीच्या उसळीवर घ्यायचा असतो आणि तोच नेहमी लाजतो. उपाय म्हणून काही दिवस प्रत्येक जोडीतल्या दुसऱ्याच ठोक्यावर वजन द्या. सुरुवातीला विचित्र वाटतं. आठवडाभरानं वजन काढून घ्या, दोन्ही सारखे ऐकू येतील.

तिसरा पॅराडिडल, उ डा उ उ, डा उ डा डा. यात जोर पहिल्या ठोक्यावर. दर चार ठोक्यांनी पुढाकार दुसऱ्या हाताकडं जातो, म्हणून हा शिकायचा. ड्रमसेटवर अचानक उजवा हात झांजेवर न्यायचा असतो तेव्हा डाव्यानं घर सांभाळलं पाहिजे, ती सवय इथून लागते. ६० वर चौपटीत सुरुवात करा. दोन मिनिटं एकही चूक न होता वाजलं, तरच वेग चारनं वाढवा. वहीत तारीख आणि वेग लिहा. उद्या तो वेग जमला नाही तर मुकाट परत खाली या.

डावा हात कच्चा आहे म्हणून डाव्या हातानं दात घासायचा सल्ला तुम्हाला मिळेल. मी केलं होतं, दात तेवढे वाईट घासले गेले. त्यापेक्षा हलगीवाल्याकडं बघा. उजव्या हातात जाड काठी आणि डाव्यात लांब बारीक काडी. मोठे ठोके जाड काठीचे आणि मधल्या सगळ्या जागा त्या काडीनं भरलेल्या. लोकांना जाड काठी ऐकू येते, पण नाचायला लावते ती काडी. तुळजापूरला गोंधळ्यांचं संबळही नीट बघा. तिथंही दोन काठ्या, त्यातल्या एकीचं टोक वळलेलं, आणि दोन्ही हातांचं काम वेगळं. डाव्या हाताला दुय्यम मानलं की तो दुय्यमच वाजतो. सगळे बोल आठवड्यातून तीन दिवस डाव्यापासून सुरू करा.

याच महिन्यात टिकेशी जरा खेळा. मेट्रोनोम ४० वर ठेवा आणि ती टिक दोन आणि चारवर आहे असं धरून मोजा. आता तुमचा वेग ८० झाला, पण एक आणि तीन तुम्हाला स्वतःलाच धरायचे आहेत. ते जमलं की ॲपमधे एक आवर्तन आवाज आणि एक आवर्तन शांतता अशी सोय शोधा, बऱ्याच ॲपमधे ती असते. शांततेनंतर टिक परत येते तेव्हा तुम्ही कुठं आहात ते कळतं. बहुतेक जण पुढं निघून गेलेले असतात. मीही असायचो.

तिसरा महिना: पाय आणि तिघांची बैठक

खुर्चीवर असे बसा की मांड्या गुडघ्याकडं किंचित उतरत्या असतील. फार खाली बसलात तर पाय उचलताना पोटात ओढ बसते. उजव्या पायाखाली ढोल आहे असं धरा, चप्पल घालून फरशीवर आपटा. पॅड म्हणजे स्नेअर, बँडमधला साइड ड्रम. हाय-हॅटसाठी, म्हणजे झांजांच्या जोडीसाठी, उजव्या बाजूला जुनी वही ठेवा. आता आवाजांना नावं देऊ: पायाचा धुम, डाव्या हाताचा टाक, उजव्या हाताचा ट्स.

आठ जागा आहेत: एक, नि, दोन, नि, तीन, नि, चार, नि. ट्स आठही जागांवर. टाक दोन आणि चारवर. धुम एक आणि तीनवर. हिंदी-मराठी गाण्यांमधला हा सगळ्यात साधा ठेका आहे. पण तिन्ही एकदम सुरू करू नका. बँडमालक नवीन माणसाला जसं आधी एकटं वाजवून बघतो, तसं करा.

आधी नुसता ट्स, दोन मिनिटं. मग ट्स आणि टाक. मग टाक सोडून ट्स आणि धुम. मग ट्स सोडून धुम आणि टाक. ही शेवटची जोडी बहुतेक जण गाळतात आणि नेमकी तिथंच पुढं गाडी अडते. तिन्ही जोड्या ६० वर दोन-दोन मिनिटं चालल्या की तिघांना एकत्र बसवा. तोंडानं एकच ओळ म्हणा: धुम-ट्स-टाक-ट्स, धुम-ट्स-टाक-ट्स. "धुम" म्हणताना उजवा हातही पडतोय, पण तो वेगळा म्हणायची गरज नाही. तीन अवयवांची तीन वेगळी गणितं डोक्यात चालवायला गेलात तर डोकं बंद पडेल. ओळ एकच आहे, तिघांनी वाटून घेतलेली.

जिथं दोघं एकत्र पडतात, तिथं खरंच एकत्र पडतायत का ऐका. एकवर पाय जरा आधी आणि हात जरा नंतर असं झालं की "धुम" ऐवजी "धु-डुम" ऐकू येतं. हा दोष वाजवताना कळत नाही, मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐकला की लगेच कळतो. रोज शेवटची दोन मिनिटं रेकॉर्ड करा. ऐकायला नको वाटतं, तरी ऐका.

आता महिनाभर पुरेल असा एक व्यायाम. ट्स आणि टाक जसेच्या तसे ठेवा. एकवरचा धुम कायम. दुसरा धुम रोज एका नव्या जागी ठेवा: एकनंतरच्या "नि"वर, दोनवर, दोनच्या "नि"वर, असं करत चारच्या "नि"पर्यंत. सात जागा, सात दिवस. दोनवर आणि चारवर पाय डाव्या हाताला भेटतो, तिथं तिघं एकदम पडतात. "नि"वर पाय गेला की उजवा हात घाबरतो, ट्स गिळतो किंवा उगाच जोरात मारतो. तेव्हा हे लक्षात ठेवा की या सातही जागांवर पाय कधीच एकटा पडत नाही, उजवा हात दरवेळी सोबतीला असतोच. त्यामुळं पायाकडं लक्ष देऊ नका, उजव्या हाताला धरून चाला. चारच्या "नि"वरचा धुम आणि लगेच पुढच्या एकवरचा, हे दोन लागोपाठ आल्यानं पाय थकतो. नडगीजवळ दुखलं तर वेग ५० वर आणा. पाय खरोखर एकटा पडतो तो तकधिमिच्या "क" किंवा "मि"वर, म्हणजे दोन ट्सच्या मधोमध. ते चौथ्या महिन्याचं काम.

डाव्या पायाला एवढंच: दोन आणि चारवर टाच टेकवून पुढचा चवडा दाबायचा. हाय-हॅटच्या दोन झांजा तोच मिटतो.

भरावाची भानगड

तीन आवर्तनं ठेका आणि चौथ्यात भराव, म्हणजे फिल. हौस सगळी इथं बाहेर येते आणि लय इथंच पळते. एका लग्नाच्या ऑर्केस्ट्रात मी प्रत्येक कडव्याआधी जोरदार भराव घेत गेलो. दरवेळी थोडा वेग चढला. शेवटच्या कडव्याला गायक बिचारा शब्द गिळायला लागला आणि उतरताना माझ्याकडं जे बघितलं ते अजून आठवतं. भराव घेताना मोठ्यानं मोजा. तोंड थांबलं की समजा लय सुटली. पहिले काही आठवडे भराव म्हणजे पॅडवर नुसती चौपट, जास्त काही नको. पुढच्या आवर्तनाच्या एकवर धुम आणि टिक एकत्र पडले तरच तो भराव मोजायचा.

तीन महिन्यांनी कुणाच्या खऱ्या सेटवर बसायला मिळालं तर आधी कानात बोळे घाला. बंद खोलीत ड्रमसेटचा आवाज सहज १०० डेसिबलच्या वर जातो, आणि एकदा गेलेलं ऐकू येणं परत येत नाही. पेडल आणि स्टूल स्वतःच्या उंचीनं लावून घ्या, मालकाला विचारून. आणि वाजवायचं तेच, ६० वर, धुम-ट्स-टाक-ट्स. बघणाऱ्यांची निराशा होईल.

मग गावातल्या भजनी मंडळात जा. ड्रम शिकणाऱ्याला भजनात कशाला पाठवता, असं विचारतात. आपल्या भागाला पखवाजाची चांगली परंपरा आहे. अंबाजोगाईजवळच्या आपेगावचे पद्मश्री शंकरबापू आपेगावकर याच मातीतले. भजनात मेट्रोनोम नसतो. अभंग संथ सुरू होतो आणि रंगत जाईल तशी लय चढते, आणि ही चढ चूक नसते, सगळे मिळून ठरवून चढतात. तोंडानं अभंग, हातात टाळ, पायात पावली, ही तिन्ही कामं तिथली शाळकरी पोरंही एकत्र करतात आणि त्यांना कुणी समन्वय वगैरे शिकवलेला नसतो. पहिल्या चार-पाच एकादश्या फक्त टाळ घ्या. पखवाजवाल्याचे दोन्ही हात दिसतील अशा जागी बसा, आणि तो लय वाढवायच्या आधी खांदे किंवा मान कशी हलवतो ते बघत राहा.